उचललेली गाडी आणि तिसरा माणूस

गाडी ‘उचलली’ म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. लक्ष्मी रोडवर नो पार्किंगमध्ये लावलेली स्कूटर चार पोरं टेम्पोत चढवतायत आणि मालक हातात पिशवी घेऊन दुकानातून धावत येतोय. पण ते उचलणं वेगळं. तिथे गुन्हा जागेचा असतो, दंड आणि टोईंगचे पैसे भरले की विषय संपतो. या विकांताला मला लिहायचंय ते दुसऱ्या उचलण्याबद्दल. चालत्या गाडीला मामांनी हात दाखवला, लायसन्स नाही किंवा इन्शुरन्स नाही असं निघालं, आणि त्यांनी सांगितलं की तुम्ही आता रिक्षा करून घरी जा, गाडी इथेच राहील.

लायसन्स नाही तर गाडी नाही, हा तर्क इतका साधा आहे की हा अधिकार पोलिसांकडे पहिल्या दिवसापासून असणार असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये, म्हणजे जिथून आपला मोटार कायदा बराचसा उचलून आणला (हेही एक उचलणंच!) तिथे, लायसन्स किंवा विमा नाही म्हणून रस्त्यावरच गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला २००५ साली. लायसन्स १९०४ पासून होतं, सक्तीचा विमा १९३१ पासून होता. मग मधली सत्तर-शंभर वर्षं काय चाललं होतं? मला या प्रश्नाने पकडलं आणि शनिवार-रविवार खाऊन टाकला.

सुरुवात एका मृत्यूपासून करावी लागेल. १७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारींची प्रात्यक्षिकं चालली होती, हौशी लोकांना गाडीत बसवून फेऱ्या मारून आणत होते. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई आपल्या मुलीबरोबर तिथून चालली होती. त्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांपैकी एक रॉजर-बेंझ तिच्या अंगावर आली आणि ती गेली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचं नाव आता नोंदलं जातं. चौकशीत वेगावर बराच खल झाला. गाडी ताशी चार मैलांच्या वर जातच नव्हती असं एका बाजूचं म्हणणं, तर साक्षीदारांच्या मते ती भरधाव होती. शेवटी ज्युरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल दिला आणि चालकावर खटला झाला नाही.

त्या चालकाकडे कुणी लायसन्स मागितलं नाही, कारण तेव्हा ब्रिटनमध्ये लायसन्स नावाची गोष्टच नव्हती. मला जास्त खटकलं ते पुढचं. घरातलं एक माणूस गेलं, त्याची भरपाई कोण करणार, या प्रश्नालाही तेव्हाच्या व्यवस्थेत तयार उत्तर नव्हतं. दिवाणी दावा लावा, चूक सिद्ध करा, आणि समोरच्याकडे पैसे असतील अशी आशा धरा. बस.

१९०३ चा मोटार कार ॲक्ट आला आणि १ जानेवारी १९०४ पासून लायसन्स सुरू झालं. पण आपल्या डोक्यात लायसन्स म्हणजे जे येतं, आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढा, पाय टेकवू नका, तसलं काही नाही हं! कौन्सिलच्या ऑफिसात जायचं, पाच शिलिंग द्यायचे, कागद घ्यायचा. परीक्षा नाही. थोडक्यात, ‘गाडी येते का?’ हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. प्रश्न होता ‘तू कोण?’ गाडीलाही त्याच कायद्याने नंबर मिळाला. लंडनचा ‘ए १’ हा नंबर मिळवला अर्ल रसेल यांनी, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या थोरल्या भावाने. हेच गृहस्थ पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश वाहतूक खात्यात संसदीय सचिव झाले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी भारतविषयक उपमंत्री. फॅन्सी नंबरचं वेड आपल्याकडचंच आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी :-)

आता आकडे बघा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मृत्यूंची रीतसर मोजणी १९२६ पासून आहे. त्या पहिल्या वर्षी ४,८८६ माणसं मेली. १९३४ साली ७,३४३. तेव्हा गाड्या आजच्या तुलनेत किरकोळ होत्या! मरणारे बरेचसे पायी चालणारे आणि सायकलवाले. मारणाऱ्याकडे निदान गाडी तरी होती, मरणाऱ्याकडे बहुधा तीही नव्हती. कोर्टाने भरपाईचा हुकूम दिला तरी गाडीवाला हात वर करून मोकळा होऊ शकायचा.

यावर उपाय म्हणून १९३० चा रोड ट्रॅफिक ॲक्ट आला. मजेशीर कायदा आहे. एका हाताने त्याने मोटारींवरची ताशी वीस मैलांची वेगमर्यादा काढूनच टाकली, कारण ती कुणी पाळत नव्हतं. दुसऱ्या हाताने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. वाटेल तेवढी जोरात चालव, पण कुणाला उडवलंस तर त्याचे पैसे आधी तयार ठेव, असा एकूण सूर. (वेगमर्यादेचं हे औदार्य फार टिकलं नाही. १९३४ च्या कायद्याने वस्तीतली तीस मैलांची मर्यादा आणली आणि चालकाची सक्तीची परीक्षाही. म्हणजे सक्तीचा विमा आधी आला, गाडी चालवता येते का हे तपासणं त्यानंतर!)

‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण पॉलिसी रिन्यू करताना इतक्या वेळा क्लिक करतो की त्याचा अर्थ बोथट झालाय. करारातला पहिला पक्ष तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला तुम्ही अजून भेटलेला नाही. तो सिग्नलला उभा आहे, किंवा दूध आणायला निघालाय. त्याने कुठेही सही केलेली नाही, एक रुपया भरलेला नाही, आणि तरी हा कागद त्याच्यासाठी आहे. आपण स्वतःच्या बंपरसाठी जो विमा घेतो तो ऐच्छिक. तिसऱ्याचा मात्र सक्तीचा.

पण सक्ती मोडणारे असतातच. ज्याने विमा काढलाच नाही त्याने उडवलं तर? इथे ब्रिटिशांनी एक चांगली गोष्ट केली. १९४६ मध्ये विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ नावाची संस्था काढली. बिनविम्याच्या गाडीने जखमी झालेल्याला ही संस्था भरपाई देणार, पैसे सगळ्या कंपन्या मिळून घालणार, म्हणजे अर्थातच सगळे प्रामाणिक ग्राहक घालणार. तिसरा माणूस वाचला. बिल मात्र शेजाऱ्याला.

हे बिल अनेक वर्षं कुणाला फारसं टोचलं नाही. आणि बिनविम्याच्या गाड्या का सापडत नव्हत्या, त्याचं उत्तर आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. सगळी व्यवस्था कागदावर होती. पोलिसाने थांबवलं आणि तुमच्याकडे कागद नसले तर तो तुम्हाला एक फॉर्म द्यायचा: सात दिवसांत अमुक पोलीस ठाण्यात येऊन लायसन्स आणि विम्याचा दाखला दाखवा. म्हणजे व्हॅलिडेशन असिंक्रोनस! रिक्वेस्ट आत घेतली, गाडी पुढे सोडली, आणि उत्तर येईल तेव्हा येईल. ज्याच्याकडे विमा होता तो बिचारा ठाण्यात जाऊन रांगेत उभा राहायचा. ज्याच्याकडे नव्हता त्याने खोटं नाव-पत्ता दिला असेल तर विषय तिथेच संपला. रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला समोरच्या गाडीचा विमा आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता. मग जप्त कशाच्या आधारावर करणार?

एक गोष्ट मात्र तेव्हाही रस्त्यावर उभ्याउभ्या दिसत होती: रोड टॅक्स. तो भरल्याची गोल चकती काचेवर लावावी लागायची. आणि पाहा, टॅक्स न भरलेल्या गाडीला जॅमर लावून ती उचलून नेण्याचे नियम ब्रिटनमध्ये १९९७ सालीच आले, विम्याच्या आठ वर्षं आधी. सरकारचा स्वतःचा पैसा बुडत होता तिथे क्रेन आधी पोचली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याकडेही ते लागणार आहे.

नव्वदच्या दशकानंतर दोन गोष्टी जुळून आल्या. एक, नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. हे तंत्र ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन विभागाने १९७६ मध्येच शोधलं होतं, पण ते स्वस्त आणि भरवशाचं व्हायला पंचवीस वर्षं गेली. दुसरी, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसींचा एकच मध्यवर्ती डेटाबेस, तोही त्याच ब्युरोने चालवलेला. कॅमेऱ्याने नंबर वाचला, डेटाबेसला विचारलं, उत्तर सेकंदात. सात दिवसांचा लॅग गेला.

२००४ मध्ये डेव्हिड ग्रीनवे या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सरकारसाठी बिनविम्याच्या गाड्यांवर अहवाल लिहिला. त्यांच्या हिशेबाने वीसातला साधारण एक चालक विम्याशिवाय होता आणि त्याच्यापायी प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाच्या हप्त्यात सुमारे तीस पौंड जास्त जात होते. अहवालातला खरा मुद्दा मात्र साध्या गणिताचा आहे. पकडलं जाण्याची शक्यता कमी, आणि पकडलं तरी कोर्टात होणारा दंड पुष्कळदा विम्याच्या हप्त्यापेक्षा कमी. तरुण पोराला वर्षाचा विमा हजार पौंडांच्या घरात जात असेल आणि दंड त्याच्या एका तुकड्याएवढा, तर तो विमा का काढेल? दंड ही त्याच्या दृष्टीने शिक्षा नव्हती, स्वस्तातली पॉलिसी होती.

म्हणून २००५ च्या कायद्याने १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये कलम १६५-ए घातलं. कागद दाखवता आले नाहीत, आणि लायसन्स किंवा विमा नाही असं मानायला पोलिसाकडे सबळ कारण असलं, तर गाडी तिथल्या तिथे ताब्यात. सुरुवातीचे दर: उचलण्याचे १०५ पौंड, ठेवण्याचे दिवसाला १२ पौंड. सोडवायला यायचं तर आधी विमा काढून या आणि लायसन्स दाखवा. दोन आठवड्यांत कुणी आलं नाही तर गाडी विकायची किंवा चेपून भंगारात. दंडाची भीती नसलेल्या माणसाला गाडी नसण्याची भीती होती. ब्युरोच्याच म्हणण्यानुसार तेव्हापासून वीस लाखांहून जास्त गाड्या अशा उचलल्या गेल्या. २०११ पासून तर बिनविम्याची गाडी नुसती बाळगणं हाही गुन्हा झाला. रस्त्यावर आणणार नसाल तर तसं आधी लिहून कळवा.

इथपर्यंत वाचून ‘वा, टेक्नॉलॉजीचा विजय’ असं वाटत असेल तर जरा दमानं. अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियात जाऊ, कारण हेच हत्यार तिथे उलटं फिरलं. बे एरियात राहिलेल्या मित्रमैत्रिणींना यातलं थोडंफार ठाऊक असेल.

कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये कायदा केला की देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा असेल तरच लायसन्स मिळेल. आणि १९९५ पासून दुसरा कायदा लागू झाला: लायसन्स नसलेला किंवा रद्द झालेला माणूस गाडी चालवताना सापडला तर ती गाडी तीस दिवस जप्त ठेवता येईल. दोन्ही कायदे एकमेकांशेजारी ठेवून बघा. शेतात, हॉटेलात, बांधकामावर राबणाऱ्या लाखो स्थलांतरितांना लायसन्स काढण्याचा रस्ताच बंद केला, आणि लायसन्स नाही म्हणून गाडी महिनाभर अडकवली. महिन्याचं गोदामभाडं आणि टोईंग धरून बिल इतकं व्हायचं की जुनी गाडी सोडवण्यापेक्षा सोडून दिलेली परवडे. दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायला लावलेल्या नाक्यांवर दारुडे कमी आणि लायसन्स नसलेले मजूरच जास्त सापडतात, अशी ओरड सुरू झाली. शहरांच्या तिजोरीत पैसे येत होते, टोईंगवाल्यांचंही बरं चाललं होतं.

हळूहळू हे मागे घ्यावं लागलं. २०१२ पासून, अशा नाक्यावर केवळ लायसन्स नाही एवढ्यावरून गाडी जप्त करायची नाही असा राज्याचा कायदा झाला. २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही परीक्षा देऊन लायसन्स मिळू लागलं. आणि २०१७ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने एक निकाल दिला. एका बाईंनी आपली गाडी नातेवाइकाला दिली होती, त्याचं लायसन्स निलंबित होतं, गाडी जप्त झाली. तीन दिवसांनी त्या स्वतःचं लायसन्स आणि मालकीचा पुरावा घेऊन हजर झाल्या, पैसे भरायला तयार होत्या, तरी पोलीस म्हणाले तीस दिवस म्हणजे तीस दिवस. कोर्टाचं म्हणणं असं: गाडी रस्त्यावरून बाजूला काढण्याचं कारण एकवेळ समजलं, पण लायसन्सवाली मालकीण दारात उभी असताना ती अडवून ठेवणं ही त्यांच्या राज्यघटनेच्या अर्थाने वेगळी ‘जप्ती’ आहे आणि तिला वेगळं समर्थन लागेल.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या कायद्यात गाडी सोडवण्याची किल्ली होती विमा. म्हणजे जप्तीतून तिसऱ्या माणसाला काहीतरी मिळत होतं. कॅलिफोर्नियाच्या तीस दिवसांतून त्याला काय मिळालं? लायसन्स नाही म्हणून विमाही मिळायला कठीण, आणि गाडी जाण्याच्या भीतीने धडक दिल्यावर न थांबता पळून जाण्याचा मोह वाढला असणार, तो वेगळाच.

आता घरी येऊ. हिंदुस्थानात बंगालने १९०३ मध्ये, मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये आणि मद्रासने १९०७ मध्ये आपापले मोटार कायदे केले. मग १९१४ चा अखिल भारतीय कायदा आला, आणि त्याच्या जागी १९३९ चा मोटार व्हेइकल्स ॲक्ट. या १९३९ च्या कायद्यामागे अपघात हे कारण होतंच, पण आणखी एक मोठी चिंता होती: रेल्वे. तिसाच्या दशकात खासगी बस आणि ट्रक रेल्वेची गिऱ्हाइकं पळवत होते. म्हणून परमिटची भक्कम व्यवस्था उभी राहिली, कुठल्या गाडीने कुठल्या मार्गावर काय वाहायचं ते सरकार ठरवणार. याच कायद्यात थर्ड पार्टी विम्याचं प्रकरणही होतं, १९३० च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेलं. पण परमिटचं राज्य लगेच सुरू झालं आणि विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ ला. मध्ये महायुद्ध होतं हे मान्य. तरी सात वर्षं!

१९४६, म्हणजे ज्या वर्षी इंग्लंडमध्ये बिनविम्याच्या गाडीखाली आलेल्यासाठी ब्युरो निघाला तेच वर्ष. आपण विम्याची सक्ती घेतली, ब्युरो घेतला नाही.

आणि जप्ती? १९५६ च्या दुरुस्तीने १९३९ च्या कायद्यात कलम १२९-ए घातलं. त्याने गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार दिला, पण कशासाठी? रजिस्ट्रेशन नसेल तर, आणि परमिट नसेल किंवा परमिटची अट मोडली तर. लायसन्सचा उल्लेख नाही, विम्याचा नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे टॅक्स, परमिट म्हणजे सरकारी रस्तावाटप. क्रेन इथेही आधी तिजोरीकडेच गेली.

सध्याचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. (हा १ जुलै आपल्या कायदेवाल्यांचा फारच लाडका दिसतो.) त्यातलं कलम २०७ हे आजचं जप्तीचं कलम. पोलिसाला गाडी ताब्यात घेता येते ती कलम ३, कलम ४, कलम ३९ मोडलं तर, किंवा कलम ६६ चं परमिट नसेल तर. उलगडून सांगायचं तर लायसन्स नाही, वय बसत नाही, रजिस्ट्रेशन नाही, परमिट नाही. यात लायसन्स आणि वय यांची भर नवी, आणि ती चांगलीच आहे. शिवाय रजिस्ट्रेशन सोडून बाकीच्या बाबतींत गाडीऐवजी नुसतं आरसी बुक ठेवून घेऊन पावती द्यायचीही सोय आहे.

पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा करणारं कलम १४६ आहे. ते त्या यादीत नाही. मी तीनदा वाचलं. नाही म्हणजे नाही. विमा नसणं हा गुन्हा आहे, त्याला कलम १९६ खाली दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे, पण केंद्रीय कायद्याच्या या कलमाच्या शब्दांत केवळ विमा नाही म्हणून गाडी अडकवून ठेवायला जागा नाही.

हे उलटं का आहे, ते एका जुन्या खटल्यातून कळेल. १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा स्कॅंडिया इन्शुरन्सचा निकाल. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून, किल्ली तशीच ठेवून, समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. केबिनमध्ये क्लीनर होता, त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. त्याने ट्रक हलवला आणि त्या अपघातात माणूस गेला. कंपनी म्हणाली, चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं, पॉलिसीची अट मोडली, आम्ही पैसे देत नाही. कोर्टाने ते मानलं नाही. मालकाने लायसन्सवाला ड्रायव्हर नेमला होता, क्लीनरच्या हातात गाडी द्या असं त्याने सांगितलं नव्हतं. कायद्याने विमा सक्तीचा केला तो अपघातात सापडलेल्यांसाठी, मग कंपनीला पळवाट देऊन त्यांनाच रिकाम्या हाताने कसं पाठवणार? पुढे २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ही वाट आणखी रुंद केली. लायसन्स नसलं, खोटं असलं, तरी आधी कंपनीने पीडिताला पैसे द्यावेत आणि मग हवं तर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश देता येईल.

म्हणजे तिसऱ्या माणसाच्या बाजूने बघा. ज्याने उडवलं त्याच्याकडे लायसन्स नाही पण गाडीचा विमा आहे: भांडून का होईना पैसे मिळण्याची वाट आहे. लायसन्स आहे पण विमा नाही: त्याच्या घरच्यांनी मालकाच्या मागे लागायचं, त्याच्या नावावर काही आहे का शोधायचं, १८९६ मध्ये जसं असतं तसंच. आणि जप्तीच्या यादीत पहिला आहे, दुसरा नाही.

हा दुसरा प्रकार अपवादात्मक असता तर ठीक होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर रस्ता सुरक्षा समितीकडून आलेला आकडा असा होता की देशातल्या सुमारे अठरा कोटी गाड्यांपैकी जेमतेम सहा कोटींचा थर्ड पार्टी विमा होता. त्यातूनच कोर्टाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच सक्तीचा केला. शोरूममधून निघताना पैसे घ्या, नंतर कोण भरतंय! व्यवहारी तोडगा आहे. पण सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न तसाच आहे, आणि आपल्या रस्त्यांवर सहाव्या वर्षापुढच्या मोटारसायकली किती असतात ते कुठल्याही सिग्नलला मोजून बघा.

आणि ग्रीनवे साहेबांचं गणित? २०१९ च्या दुरुस्तीने विनालायसन्स चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर नेला, आणि विना विमा पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार. महाराष्ट्रात नवे दर लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये (वर जीएसटी). म्हणजे हॅचबॅक-सेडानवाल्याला पहिला दंड हप्त्यापेक्षा स्वस्त! दीडशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा हप्ता ७१४ रुपये, तिथे दंड महाग आहे खरा, पण वर्षात किती वेळा कुणी इन्शुरन्सचा कागद मागतं? कागद जवळ नसला तर पंधरा दिवसांत आणून दाखवायची सवलत आपल्याही नियमांत आहे, इंग्लंडच्या सात दिवसांच्या दुप्पट. त्यांच्या अडचणीचं मूळ कागद हे होतं. आपल्याकडे ‘वाहन’ डेटाबेसमध्ये गाडीच्या नंबरपुढे विम्याची मुदत दिसते, कुणीही फोनवर बघू शकतं, २०१८ पासून कागद फोनवर दाखवलेलेही चालतात. लुकअप आहे. त्या लुकअपचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय, ती ओळ कलम २०७ मध्ये लिहिलेली नाही.

अशी ओळ घालावी का? कॅलिफोर्निया वाचल्यानंतर मी सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. डिलिव्हरीवाल्या पोराची बाईक महिनाभर यार्डात ठेवली तर त्याची नोकरी जाईल आणि तिसऱ्या माणसाला दमडी मिळणार नाही. पण ब्रिटिश पद्धतीची, विमा काढलास की गाडी घेऊन जा अशी जप्ती मला पटते. ७१४ रुपयांत तिथल्या तिथे फोनवर पॉलिसी निघते. यार्डात न्यायचीही गरज नाही.

सध्या आपल्याकडे बिनविम्याच्या गाडीचं अडकणं सुरू होतं ते अपघात झाल्यावर. सप्टेंबर २०१८ मध्ये उषा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना दिल्लीसारखा नियम करायला सांगितलं. अपघातात माणूस मेला किंवा जखमी झाला आणि गाडीचा विमा नसला, तर मालकाने भरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. तारण दिलं नाही तर ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनी न्यायदंडाधिकाऱ्याने तिचा जाहीर लिलाव करायचा आणि आलेली रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जमा करायची. जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना जे काही मिळेल त्याची सुरुवात त्या पैशांतून. गाडी ट्रक असेल तर काही लाख येतील. दहा वर्षं चाललेली, पुढचा टायर वाकलेली, पोलीस ठाण्याच्या आवारात एका पावसाळ्यात भिजलेली मोटारसायकल असेल, तर भंगारवाला किलोवर भाव सांगतो.